पवनीचा चातुर्मास

आमच्या पवनीत देवळांना तोटा नाही. घरातून निघून वैजेश्वर घाटापर्यंत जायचं म्हटलं तरी वाटेत किती ठिकाणी हात जोडावे लागतात! पण दत्तभक्त पवनीचं नाव घेतात ते १९०९ सालामुळे. प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांनी त्या वर्षीचा चातुर्मास भंडारा जिल्ह्यातल्या या गावी केला. आदल्या वर्षी ते कृष्णाकाठी मुक्त्याला येथे होते, पुढच्या वर्षी तुंगभद्रेकाठी हावनूरला. मधला पावसाळा आमच्या वैनगंगेच्या वाट्याला आला. सगळा प्रवास पायी, तोही अनवाणी.

पवनीच का, असं पुष्कळ जण विचारतात. योगायोग, असं सहज म्हणता येतं. पण महाराजांचं चरित्र वाचताना हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो.

महाराजांचा जन्म कोकणात माणगावी, १८५४ साली, श्रावण वद्य पंचमीचा. घरात वेदविद्या. ज्योतिष आणि औषधं त्यांना चांगली अवगत होती. ओढा मात्र नरसोबाच्या वाडीकडे. तिथून गावी परतताना कागलला एका मूर्तिकाराने आपण होऊन दत्तमूर्ती त्यांच्या हाती दिली, असं चरित्रात येतं. आपण असतो तर ही हकिगत चारचौघांत सांगत फिरलो असतो. त्यांनी १८८३ साली माणगावात देऊळ उभं केलं, मूर्ती स्थापली आणि पुढची सात वर्षं तिची सेवा केली. मूर्ती हाती येणं घटकाभराचं, सेवा सात वर्षांची. मला तरी यातलं दुसरंच मोठं वाटतं.

नंतर देवाज्ञा झाली तेव्हा ते देऊळ, घरदार सोडून पत्नी अन्नपूर्णाबाईंसह बाहेर पडले. १८९१ मध्ये गोदावरीकाठी गंगाखेडला वैशाख वद्य चतुर्दशीला बाई गेल्या. महाराजांनी त्यांचे दिवस यथासांग केले आणि लगेच संन्यास घेतला. पुढे उज्जैनला नारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला.

आता थोडं घरचं. आमची ही गेली तीसुद्धा वैशाख वद्य चतुर्दशीलाच. तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं. वर्षश्राद्धाच्या सुमारास चरित्राचं वाचन चालू होतं, गंगाखेडचा प्रसंग आला आणि बोट त्या ओळीवरच थांबलं. मुलगा म्हणाला, बाबा, त्या तिथीला जगात किती माणसं गेली असतील! खरंच आहे. हिशेब त्याचा बरोबर, मी वाद घातला नाही. पण वर्षभर ज्या तिथीचं नाव काढलं की मला जेवण जात नव्हतं, ती तिथी त्या दिवसापासून महाराजांच्या घरचीही झाली. महाराजांसारखा संन्यास काही आपल्याच्याने होणार नाही. नातवंडं आहेत, धानाची शेती आहे, रोवणी आली की माणसं शोधत फिरावं लागतं.

हिच्या अस्थी आम्ही वैनगंगेतच सोडल्या. आमची नदी पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. गंगाखेडवरून आलेलं पाणीही तिथेच येतं. शाळेत हा नकाशा कितीदा काढला होता, पण त्याचा असा उपयोग होईल हे कुठे ठाऊक होतं!

महाराज १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. दोघी बाया अहेव गेल्या, म्हणून त्या तिथीला मी आता दोन सवाष्णी जेवू घालतो. पहिल्या वर्षी सुनेने विचारलं, मामंजी, आईंची एक, मग दुसरी कोणाची? मी म्हटलं, माणगावच्या अन्नपूर्णाबाईंची. तिने काही न बोलता दुसरं पान मांडलं.