तुरुंगातला सेनापती : स्वामी रामानंद तीर्थ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. उद्या पदवी मिळाली, तर तिच्यावर ज्या विद्यापीठाचे नाव असेल ते स्वामी रामानंद तीर्थांचे. म्हणून मुद्दाम त्यांचे चरित्र वाचले. वाचताना एकच प्रश्न मनात घोळत होता : इतक्या विषम लढ्यात त्यांची बाजू टिकली कशी?

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. असहकाराच्या काळात त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे कामगार नेते ना. म. जोशी यांच्याजवळ काम केले. नंतर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले आणि १९३० साली त्यांनी संन्यास घेतला; पण ते मठात बसले नाहीत. हिप्परगा व अंबाजोगाई येथे त्यांनी मुले घडविली. १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंग भोगला.

१९४७-४८ साली संस्थानात जणू घरातलेच युद्ध पेटले. निजामाकडे काय नव्हते? सुमारे २२ हजारांचे सैन्य, पोलीस, खजिना, रेल्वे आणि जोडीला रझाकार. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचाच वकील. पुढे तर विमानाने चोरून शस्त्रे येऊ लागली. इकडे स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामीजी १५ ऑगस्ट १९४७ लाच पकडले गेले. मध्यंतरी सुटले, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा गजाआड!

तरीही या बाजूला दोन मोठी बळे होती. पहिले, सीमेचे. संस्थान चहूबाजूंनी भारताने वेढलेले. त्यामुळे उमरखेडसारख्या ठिकाणी कॅम्प उभे राहिले. हल्ला करून मंडळी सीमेपलीकडे निघून जात. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीची बँक लुटून त्यांनी लाखो रुपये लढ्यासाठी नेले.

दुसरे बळ गावांचे. माझे आजोबा तेव्हा सहा-सात वर्षांचे होते. ते सांगतात, पणजोबा रात्री भाकऱ्यांचे गाठोडे घेऊन पैनगंगा ओलांडत. त्यांना सही येत नव्हती. पण कोणी कितीही दरडावले तरी त्यांनी तोंड उघडले नाही. अशी माणसे निजामाला खजिन्यातून विकत घेता आली नाहीत.

अर्थात निजामाचे सैन्य कॅम्पांनी हरविले नाही. ते १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने केले. आणि त्या विजयानंतर मराठवाड्यातील कितीतरी निरपराध मुसलमान मारले गेले, हेही विसरून चालणार नाही. स्वामीजींचा लढा राजवटीशी होता, धर्माशी नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ते दोनदा लोकसभेवर निवडून आले. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. मुळात ते शिक्षक होते. पणजोबांना सही येत नव्हती आणि आज मी त्यांच्यावर लेख लिहितो आहे. स्वामीजींच्या लढ्याचे याहून मोठे यश मला तरी दिसत नाही.