फुटबॉल विश्वचषकाचे जनक ज्यूल रिमे

जून १९३० मध्ये इटलीहून दक्षिण अमेरिकेकडे निघालेल्या 'कॉन्ते वेर्दे' या जहाजावर रुमानिया, फ्रान्स आणि बेल्जियम या तीन देशांचे फुटबॉलपटू एकत्र प्रवास करीत होते. त्याच जहाजावर ५६ वर्षांचे एक फ्रेंच गृहस्थ होते. त्यांच्या सामानात सोन्याचा मुलामा दिलेली, पंख पसरलेल्या विजयदेवतेची चांदीची मूर्ती होती. हे गृहस्थ म्हणजे आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचे, अर्थात 'फिफा'चे अध्यक्ष ज्यूल रिमे. ती मूर्ती पहिल्या विश्वचषक स्पर्धेतील विजेत्यांना द्यावयाची होती.

रिमे यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८७३ रोजी पूर्व फ्रान्समधील एका खेड्यात, किराणा दुकान चालविणाऱ्या साध्या कुटुंबात झाला. कामधंद्याच्या शोधात कुटुंब पॅरिसला आले. तेथे रिमे यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि ते वकील झाले. त्या काळी फ्रान्समध्ये संघटित खेळ हा बहुतांशी सुखवस्तू वर्गाचा विरंगुळा होता. १८९७ मध्ये मित्रांच्या साथीने त्यांनी 'रेड स्टार' या क्लबची स्थापना केली आणि त्याची दारे सर्व थरांतील तरुणांसाठी खुली ठेवली. खेळाच्या मैदानावर श्रीमंत आणि गरीब एका पातळीवर येतात, ही त्यांची श्रद्धा होती.

पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रेंच सैन्यात अधिकारी म्हणून काम केले. युद्धानंतर, १९१९ मध्ये, ते फ्रेंच फुटबॉल महासंघाचे आणि १९२१ मध्ये फिफाचे अध्यक्ष झाले. रणांगणावर समोरासमोर आलेली राष्ट्रे मैदानावर एकत्र यावीत, हे पुढील आयुष्यात त्यांचे ध्येय राहिले.

त्या वेळी फुटबॉलची सर्वांत मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा ऑलिंपिकमध्येच होत असे. मात्र तेथे केवळ हौशी खेळाडूंना प्रवेश होता. मजुरी बुडवून खेळणाऱ्या कामगाराला त्या दिवसांची भरपाईही मिळू नये, असा हा आग्रह होता. त्यामुळे व्यावसायिकांनाही खेळता येईल अशी स्वतंत्र स्पर्धा असावी, असा विचार रिमे आणि त्यांचे सहकारी आंरी दलोने यांनी मांडला. मे १९२८ मध्ये अॅमस्टरडॅम येथील अधिवेशनात त्याला मान्यता मिळाली.

१९२४ आणि १९२८ चे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या उरुग्वेकडे यजमानपद सोपविण्यात आले. त्या देशाच्या राज्यघटनेचे १९३० हे शताब्दी वर्ष होते. पाहुण्या संघांचा प्रवास आणि निवास यांचा खर्च उचलण्याची तयारीही उरुग्वेने दाखविली. तरीही युरोपातील देशांनी पाठ फिरवली. दोन आठवड्यांच्या सागरी प्रवासासाठी खेळाडूंना दीर्घकाळ सोडण्यास क्लब तयार नव्हते. रिमे यांनी मनधरणी केली, तेव्हा कुठे युरोपातून चार संघ मिळाले. चौथा संघ युगोस्लाव्हियाचा होता.

अखेर १३ संघांची स्पर्धा १३ जुलै १९३० रोजी मॉन्टेव्हिडिओत सुरू झाली. उरुग्वे आणि अर्जेंटिना यांच्यातील अंतिम सामन्यापूर्वी कोणाचा चेंडू वापरायचा यावरूनच वाद झाला. शेवटी पूर्वार्धात अर्जेंटिनाचा आणि उत्तरार्धात उरुग्वेचा चेंडू वापरण्यात आला. मध्यंतराला १-२ असा पिछाडीवर असलेला उरुग्वे ४-२ असा विजयी झाला.

मात्र पुढची वाट सोपी नव्हती. १९३४ ची स्पर्धा इटलीत झाली आणि मुसोलिनीच्या राजवटीने तिचा प्रचारासाठी पुरेपूर वापर करून घेतला. युरोपीय देशांनी फिरवलेल्या पाठीचा राग मनात धरून गतविजेत्या उरुग्वेने तिकडे जाणे टाळले. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये स्पर्धा भरली, तेव्हा पात्र ठरलेला ऑस्ट्रिया हा देशच जर्मनीने गिळंकृत केला होता. खेळ राजकारणापासून अलिप्त असावा असे मानणाऱ्या रिमे यांनी हुकूमशहांशी जुळवून घेतले, अशी टीका पुढे झाली. ती अनाठायी म्हणता येणार नाही. राष्ट्रांना एकत्र आणणारी स्पर्धा राष्ट्राभिमानाच्या प्रदर्शनालाही तितकीच उपयोगी पडते, हे या दोन स्पर्धांनी दाखवून दिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इटलीचे फुटबॉल पदाधिकारी ओत्तोरिनो बारास्सी यांनी हा चषक बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली लपवून ठेवला. १९४६ मध्ये त्याला रिमे यांचे नाव देण्यात आले आणि फिफापासून दूर राहिलेल्या ब्रिटिश संघटनाही त्याच वर्षी परतल्या.

१९५० च्या ब्राझीलमधील स्पर्धेत भारतालाही स्थान मिळाले होते. भारतीय महासंघाने संघनिवडीतील मतभेद आणि सरावाचा अपुरा वेळ ही कारणे देऊन माघार घेतली. त्या काळी ऑलिंपिकलाच अधिक महत्त्व दिले जात असे. अनवाणी खेळण्यास मनाई झाल्यामुळे भारत गेला नाही, ही कथा लोकप्रिय असली तरी खरे कारण ते नव्हते. त्यानंतर भारतीय पुरुष संघाला ही संधी पुन्हा मिळालेली नाही.

याच स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात, माराकाना स्टेडियममध्ये, ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. ब्राझीलच्या अभिनंदनाचे पोर्तुगीज भाषण खिशात घेऊन रिमे सामना १-१ असा बरोबरीत असताना मैदानाकडे निघाले. जिने उतरून ते बाहेर आले, तेव्हा प्रचंड स्टेडियम सुन्न झाले होते. उरुग्वेने २-१ असा विजय मिळविला होता. गोंधळात रिमे यांनी भाषण न करताच चषक उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलियो व्हारेला याच्या हाती दिला.

तब्बल ३३ वर्षांच्या कारकिर्दीनंतर १९५४ मध्ये ते निवृत्त झाले आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले.

१९७० मध्ये तिसरे विजेतेपद मिळविल्याने रिमे चषक कायमचा ब्राझीलकडे गेला. १९८३ मध्ये तो रिओ दी जानिरो येथून चोरीस गेला आणि पुन्हा सापडला नाही. स्पर्धा मात्र वाढतच राहिली. मनधरणी करून जमविलेल्या १३ संघांपासून सुरू झालेल्या या स्पर्धेतील संघांची संख्या २०२६ पासून ४८ करण्यात आली आणि त्यांतील प्रत्येक जागेसाठी जगभरातील देश झुंजतात. किराणा दुकानदाराच्या या मुलाचे नाव असलेला चषक हरवला, पण त्याने उभारलेली स्पर्धा टिकून आहे.