सावित्रीमाईंचे मातृत्व आणि भाड्याची कूस

सावित्रीमाई म्हटले की आपल्याला 1848 ची भिडेवाड्यातली शाळा आठवते. पण व्यावसायिक सरोगसीचा विषय निघाला की आम्हाला त्यांचे पुण्यातले घर आठवते.

3 जानेवारी 1831 रोजी नायगावात जन्मलेल्या सावित्रीमाईंचे लग्न 1840 मध्ये जोतीरावांशी झाले. त्यांना मूल झाले नाही. त्या काळी अशा घरात दुसरी बायको आणणे हाच उपाय समजला जाई. वंशासाठी आणखी एक कूस आणायची, त्या बाईचे मन कुणी विचारायचे नाही. जोतीरावांनाही तसा आग्रह झाला. त्यांनी तो साफ नाकारला.

1863 मध्ये दोघांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, हवे तर मूल तिथेच ठेवून जावे. त्यांची देखभाल सावित्रीमाई करीत. इथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1890 मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला; सावित्रीमाई स्वतः टिटवे धरून पुढे झाल्या.

1897 च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले एक आजारी मूल त्यांनी पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आणले. मूल वाचले. माईंना लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या.

2021 च्या कायद्याने आपल्या देशात पैशासाठी कूस देण्या-घेण्यावर बंदी आली. उपचाराचा व नियमांत ठरवलेला इतर खर्च आणि 36 महिन्यांचा विमा, याहून जास्त काही देता येत नाही. आम्ही या बंदीच्या बाजूचे आहोत. पोट भरायला कूस भाड्याने द्यावी लागते ती गरिबाच्याच लेकीला. पण बंदीने तिची चूल पेटत नाही आणि मूल नसलेल्या जोडप्याचे दुःखही हटत नाही.

ते काम समाजाचे आहे. आपल्या वस्तीतल्या एकट्या बाळंतिणीला डबा कोण देते? कामावर जाणाऱ्या आईचे लेकरू कोण सांभाळते? दत्तक घेणाऱ्या जोडप्याला मुलाची जात विचारणाऱ्यांना कोण गप्प करते? तरुणांनो, माईंच्या फोटोला हार घालण्याआधी आपण या तीन प्रश्नांची उत्तरे देऊ या.