पंडिता रमाबाई : आईने दिलेले आणि न दिलेले

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण बहुधा समाजसुधारणेच्या इतिहासात वाचले असेल. येथे ते मुलांच्या जडणघडणीच्या बाजूने पाहू. आपल्यापैकी अनेकजण स्वतः पालक आहेत. म्हणून हा विषय आपल्याला परका वाटणार नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यावरून उठलेल्या विरोधाला उडुपीच्या विद्वानांपुढे शास्त्राधार मांडून उत्तर दिले. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने ते घर सोडले. वेताच्या पेटाऱ्यात निजवलेले ते मूल डोक्यावरून डोंगर उतरले आणि पुढची अनेक वर्षे तीर्थयात्रेतच गेली. ज्या घराला भिंती नव्हत्या, त्या घराला वेळापत्रक मात्र होते. वडील वृद्ध झाल्यामुळे शिकवण्याचे काम आईकडे आले. दिवसभराची कामे सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात ती मुलीला जागे करी आणि पाठ देई. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंनी अशा रीतीने कानाने आत्मसात केले. भाषाभ्यासकाला यात पाठांतराहून अधिक काही दिसते : रोज त्याच वेळी, त्याच आवाजात मिळणारे लक्ष. थोरल्या बहिणीच्या बालविवाहाचे दुःख पाहिलेल्या वडिलांनी रमाबाईंचे लग्न लवकर केले नाही, हेही येथे ध्यानात घ्या.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होते ते सारे दानधर्मात व यात्रांत संपलेले होते. पुराणे सांगण्यापलीकडे अर्थार्जनाची विद्या कोणालाच अवगत नव्हती. हलकी समजली जाणारी कामे करणे विद्वान कुळाला शोभणारे नव्हते. भीक मागणेही नाही. वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेले. आईची तिरडी उचलायला माणसे पुरेनात, तेव्हा रमाबाईंनी खांदेकऱ्याची जागा घेतली. उंची कमी पडल्यामुळे तो भार त्यांनी डोक्यावर वाहिला.

अशा प्रसंगानंतरही त्या भाऊ श्रीनिवासांबरोबर पायी देश हिंडत राहिल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. कडेवर मनोरमा नावाची तान्ही मुलगी होती. पुण्यातील आर्य महिला समाज, इंग्लंडचा प्रवास व तेथील ख्रिस्ती धर्मस्वीकार, अमेरिका हे सारे त्यानंतरचे. धर्मांतराने महाराष्ट्र त्यांच्यापासून दुरावला. त्यांच्या कामाचे मोल जोखताना तो राग अनेकांना आवरला नाही, असे माझे मत आहे.

रमाबाईंनी आपल्या इंग्रजी ग्रंथाची अर्पणपत्रिका आईच्या स्मृतीला वाहिली. परंतु आईचे शिक्षण त्यांनी जसेच्या तसे पुढे चालवले नाही. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी निराधार मुली व स्त्रिया केडगावला आणल्या. उपासमार म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. म्हणून मुक्ती सदनात अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम आणि छपाई आली. ज्या कामांना डोंगरे कुळात हलके मानले जाई, तीच कामे येथे प्रत्येकीच्या हाताला शिकवली गेली. पहाटेचा पाठ राहिला. हात रिकामा राहिला नाही.

आईच्या कामात मनोरमाही उतरली, पण १९२१ मध्ये ती आईआधी गेली. रमाबाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. त्याचे खिळे केडगावच्या छापखान्यात तेथील स्त्रियाच जुळवत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.