जुन्या घरांचे कैवारी : कै. दिनकर केळकर

जळगाव-धुळ्याहून पुण्यास गेलेल्या आपल्या पुष्कळ भगिनींनी राजा केळकर संग्रहालय पाहिले असेल. त्यातील ‘राजा’ हे नाव कोणा संस्थानिकाचे आहे, असा अनेकींचा समज होतो. तसे नव्हे. राजा हा दिनकर गंगाधर केळकर यांचा एकुलता एक मुलगा. वयाच्या सातव्या वर्षी तो गेला, आणि बापाने जन्मभर जमविलेल्या संग्रहाला त्याचे नाव दिले.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला. नाद असा, की तो पुढे सत्तर वर्षे सुटला नाही. तलवारी आणि तख्ते जमविणारे पुष्कळ होते. केळकरांची नजर मात्र माजघराकडे गेली. अडकित्ते, दिवे, वज्ऱ्या, करंडे, दौती, कोरीव दरवाजे, स्वयंपाकाची भांडी आणि वस्त्रे! बायकांच्या हातून रोज घासल्या-पुसल्या गेलेल्या या वस्तूंना कोणी इतिहास मानीत नव्हते. पत्नी कमलाबाईंची साथ त्यांना होती. अशा नादापायी घरातील बाईला काय काय सोसावे लागते, हे आम्हा संसारी बायकांना वेगळे सांगावयास नको.

वस्त्रांची गोष्ट तर फारच नाजूक. जुनी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, रेशमी धाग्यावर गुंडाळलेली. पैठणी विरली की ती जाळीत. रेशमाची राख होई आणि चांदी हाती राही. पुष्कळ घरांतल्या आज्यांची लग्नातली लुगडी अशीच भट्टीत गेली. वजनावर भाव मिळे. विणकराने महिनोन् महिने बसून पदरावर काढलेल्या मोरांना भाव नव्हता.

आता भट्टीची जागा कात्रीने घेतली आहे. जुना गालिचा, शालूचा काठ, पैठणीचा पदर कापून त्याच्या खुर्च्या आणि कोच मढवून घेण्याची हौस शहरांतून वाढली आहे. विलायतेत ही चाल शंभर वर्षांहून जुनी. व्हिएन्नाचे प्रसिद्ध डॉक्टर फ्रॉईड यांच्या कोचावर इराणी गालिचा असे, पण तो कापलेला नव्हता, नुसता अंथरलेला होता. आमच्या मते हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कापणे म्हणजे पापच, असे मात्र नाही. केळकरांच्या संग्रहातील चंच्या पाहाव्यात. पान, सुपारी, कात यांसाठी निरनिराळे कप्पे असलेली चंची खणाच्या नाहीतर जरीच्या तुकड्यांतूनही शिवीत. लुगडे फाटले की त्याचा धड भाग कुंचीला, उरलेला गोधडीला, ही तर आपल्या खानदेशातली घरोघरची रीत. ती कात्री फाटल्यावर चाले. आजची धडधाकट वस्त्रावर चालते. शिवाय जुने रेशीम घडीवरच तुटते. ते ताणून खिळ्यांनी ठोकले आणि त्यावर रोज माणूस बसला, तर फार दिवस टिकत नाही. जाड सुती सतरंजी तो भार सोसते. बैठक मढवायचीच असेल तर सतरंजीची मढवावी, आणि विरलेला पदर मागे मलमलीचे अस्तर लावून भिंतीवर टांगावा. पेटीत ठेवायचा तर दर काही महिन्यांनी घडी बदलावी.

१९६० पर्यंत केळकरांकडे सुमारे पंधरा हजार वस्तू झाल्या होत्या. १९६२ साली संग्रहालय रीतसर स्थापन झाले. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून त्यांनी तो महालही तेथे पुन्हा उभा केला. आपल्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली वारले, तेव्हा त्यांची दप्तरे सांभाळण्यास गाव पुढे आला व त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले. केळकरांनी मात्र ही निरवानिरव आपल्या हयातीतच केली. १९७५ साली त्यांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व खात्याच्या हवाली केला. एवढा खजिना विकला असता तर काय मिळते, याचा हिशेब त्यांनी केला नाही.

१९९० साली ते वारले. संग्रहात आता वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. जागेअभावी त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या दिसतात. बाकीच्या आत जपून ठेवलेल्या आहेत.