विनोबांच्या भाषा आणि माझी माय

मी तुमसर तालुक्यातील एका खेड्यातून येते. आमच्या घरी पोवारी बोलतात, शाळेत मराठी. घराण्यात कॉलेजात आलेली मी पहिलीच. शाळेत एकदा तोंडून पोवारी शब्द गेला आणि सारा वर्ग हसला. तेव्हापासून इंग्रजीच्या तासाला जीभ अडखळली की वाटे, दोन भाषांच्या ओढाताणीत वाढल्यामुळेच मला तिसरी येत नाही. अशा मनःस्थितीत ग्रंथालयात आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र हाती आले.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी, आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. आई रुक्मिणीबाई मूळच्या कर्नाटकातल्या. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास. म्हणून घरात मराठी आणि बाहेर गुजराती अशा वातावरणात हा मुलगा वाढला. शाळेत त्यांनी फ्रेंच घेतले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी निघाले ते वाटेतूनच काशीला गेले, आणि त्याच वर्षी गांधीजींना जाऊन मिळाले. पुढे वाईला राहून त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबीही शिकले.

१९४२ च्या आंदोलनात त्यांना वेल्लोरच्या तुरुंगात ठेवले होते. वय पन्नाशीकडे झुकलेले. तेथे त्यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकदमच आरंभला. एकीचा शब्द दुसरीशी ताडून पाहायचा, ही त्यांची रीत. मला वाटते, या रीतीचे बीज लहानपणीच पडले असावे. एकाच वस्तूला दोन नावे असतात हे ज्याला बालपणीच कळते, त्याला तिसऱ्या नावाचे भय वाटत नाही. अर्थात नुसत्या दोन भाषांनी कोणी पंडित होत नाही. विनोबांची मेहनतही तेवढीच मोठी होती.

परंतु माझ्या मनात घर केले ते वेगळ्याच गोष्टीने. संस्कृत गीता आईला कळत नसे. तिला ती मराठीत हवी होती, आणि हे काम मुलानेच करावे अशी तिची इच्छा होती. १९१८ साली आई गेली. विनोबांनी 'गीताई' रचली ती १९३०-३१ मध्ये. आईची इच्छा पुरी झाली, पण ऐकायला आई नव्हती. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला त्यांचे देहावसान झाले, तोवर 'गीताई' महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली होती.

पुस्तक मिटले तेव्हा मला माझी माय आठवली. तिला वाचता येत नाही. हा लेखही तिला वाचता येणार नाही. मात्र ती अजून ऐकायला आहे. म्हणून या वर्षी मी एक नेम केला आहे. सुटीत घरी गेले की इंग्रजीच्या पुस्तकातील एक धडा तिला पोवारीत सांगायचा. सांगताना जिथे अडते, तिथे मला तो धडाच नीट कळलेला नसतो, हे आता ध्यानात येऊ लागले आहे. ज्या बोलीची मला लाज वाटत होती, तीच आता माझी परीक्षा घेते.