जयकेशी पहिला

जयकेशी पहिला (राज्यकाळ सुमारे इ.स. १०५० ते १०८०) हा गोव्याच्या कदंब घराण्यातील एक पराक्रमी राजा होता. गोपकपट्टण या बंदराला त्याच्या काळात राजधानीचे स्थान मिळाले आणि पश्चिम किनाऱ्यावरील सागरी व्यापाराचे ते एक मोठे केंद्र बनले. पोर्तुगीजांनी इ.स. १५१० मध्ये गोवा जिंकण्याच्या साडेचार शतके आधीच या भूमीचे परदेशांशी नियमित संबंध होते, हे त्याच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

गोव्याचे कदंब हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. सिंह हे त्यांचे राजचिन्ह होते. त्यांची पूर्वीची राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचे सासष्टी तालुक्यातील चांदोर, ही नदीकाठी पण समुद्रापासून आत होती. जयकेशीचा पिता दुसरा षष्ठदेव याने राज्याचा विस्तार करून आरमार बळकट केले. जयकेशीने त्यापुढचे पाऊल टाकले व जुवारी नदीच्या मुखाजवळील गोपकपट्टणास राजधानीचा मान दिला. हे स्थळ आजच्या गोवा वेल्हा व आगशी परिसरात होते.

बंदराचा कारभार

इ.स. १०५९ च्या ताम्रपटात या बंदराविषयी महत्त्वाची माहिती मिळते. जयकेशीचा आजोबा गुहल्लदेव सोमनाथाच्या यात्रेस समुद्रमार्गे निघाला असता त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली आणि त्याला गोपकपट्टणाचा आश्रय घ्यावा लागला. त्या वेळी महंमद नावाच्या एका धनाढ्य अरब व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले. कदंबांनी हे उपकार विसरले नाहीत. महंमदाचा नातू छड्डम हा पुढे जयकेशीचा विश्वासू अधिकारी झाला व राजधानीचा कारभार त्याच्याकडे आला.

छड्डमाने गोपकपट्टणात मशीद बांधली. तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या जहाजांकडून ठरावीक कर घेण्याचा अधिकार जयकेशीने त्याला दिला. शिवभक्त राजाने मशिदीसाठी केलेली ही व्यवस्था औदार्याची तर होतीच, पण व्यवहाराचीही होती. दूरदेशीच्या व्यापाऱ्याला प्रार्थनेची जागा, आपल्या माणसांची वस्ती आणि कराची निश्चिती मिळाली, तरच तो पुन्हा त्याच बंदरात येत असे.

राजकारण व सोयरसंबंध

जयकेशीने उत्तर कोकणातील शिलाहारांशी युद्ध केले. कपर्दिकद्वीपाच्या राजाचा त्याने वध केल्याचा उल्लेख घराण्याच्या लेखांत आढळतो. चालुक्य राजपुत्र विक्रमादित्य (सहावा) याच्याशी मात्र त्याने सलोखा ठेवला. कवी बिल्हणाने 'विक्रमाङ्कदेवचरित' या काव्यात त्याचा निर्देश केला आहे.

जयकेशीची कन्या मयणल्लादेवी हिचा विवाह गुजरातचा चौलुक्य राजा कर्ण याच्याशी झाला. प्रसिद्ध राजा सिद्धराज जयसिंह हा तिचा पुत्र. सोमनाथाच्या यात्रेकरूंवरील कर तिच्या आग्रहावरून रद्द झाल्याची कथा गुजरातच्या जैन प्रबंधांत येते. जयकेशीचा नातू दुसरा जयकेशी याने विक्रमादित्याच्या मैलळदेवी या कन्येशी विवाह केला.

मृत्यू व वारसा

जयकेशीच्या मृत्यूविषयी मेरुतुंगाच्या 'प्रबन्धचिन्तामणि' या ग्रंथात एक आख्यायिका आहे. आवडता पोपट मांजराने मारल्यावर, त्याला दिलेल्या वचनाखातर राजाने अग्निप्रवेश केला, असे तीत सांगितले आहे. ही कथा इतिहास म्हणून स्वीकारली जात नाही.

चौदाव्या शतकातील दिल्लीच्या स्वाऱ्यांनी कदंबांची सत्ता खिळखिळी झाली. जुवारीचे पात्र गाळाने भरत गेल्याने गोपकपट्टणाचे महत्त्वही ओसरले आणि मांडवीकाठचे एला हे बंदर पुढे आले. पोर्तुगीजांनी आपली राजधानी तेथेच केली. जुन्या बंदराच्या जागेला मिळालेल्या 'गोवा वेल्हा' या पोर्तुगीज नावाचा अर्थ 'जुने गोवे' असा होतो. नव्या सत्तेलाही या भूमीचा आधीचा इतिहास ठाऊक होता, याची साक्ष हे नाव आजही देते.